एन्सॅम्पल: दाखला, कित्ता आणि जरब

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आज्ञेने बायबलचे जे इंग्रजी भाषांतर 1611 साली छापले गेले, त्यातील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दहावा अध्याय बारकाईने वाचला, तर एक लहानशी विसंगती नजरेस पडते. रानात भटकणाऱ्या इस्राएली लोकांवर जे प्रसंग ओढवले, ते आपल्यासाठी उदाहरणे आहेत, असे त्या पत्राचा लेखक पौल तेथे दोनदा सांगतो. सहाव्या वचनात भाषांतरकारांनी त्यासाठी आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेला 'एक्झाम्पल' हा शब्द योजला आहे. अवघ्या पाच वचनांनंतर, अकराव्या वचनात, तीच गोष्ट सांगताना मात्र त्यांनी 'एन्सॅम्पल' असे लिहिले आहे. भाषांतरकारांपुढे असलेल्या ग्रीक पाठात दोन्ही ठिकाणी 'टिपोस' याच शब्दाचे अनेकवचन होते, त्यामुळे अर्थातल्या फरकासाठी शब्द बदलला असे म्हणता येत नाही. छपाईतली चूक म्हणूनही तो सोडून देता येत नाही, कारण त्याच भाषांतरात इतरत्रही 'एन्सॅम्पल' अनेकदा आला आहे. एक जुना आणि एक नवा असे दोन शब्द त्या काळी एकाच घरात राहत होते, आणि त्यांतला जुना हळूहळू निघून चालला होता.

तो जुना शब्द कोठून आला आणि त्याच्या पोटात काय काय होते, हे पाहणे हा या लेखाचा विषय आहे. वरवर पाहता हा केवळ स्पेलिंगचा इतिहास वाटेल, पण तसे नाही. आज आपण उदाहरण देतो ते बहुतेक वेळा समोरच्याला मुद्दा नीट कळावा म्हणून, आणि तो कळला की उदाहरणाचे काम संपते. मध्ययुगीन इंग्रजीत 'एन्सॅम्पल' दिला की ऐकणाऱ्याकडून त्यापुढचेही काही अपेक्षित असे: त्याने तसे वागावे, किंवा तसे वागण्यापासून परावृत्त व्हावे. हा आग्रह लक्षात घेतला, म्हणजे त्या शब्दाचे एकमेकांपासून दूरचे वाटणारे अर्थ एका सूत्रात बसतात.

मूळ शब्द लॅटिन आहे: 'एक्झेम्प्लुम'. तो 'बाहेर काढणे' या अर्थाच्या 'एक्झिमेरे' या क्रियापदापासून झाला. 'एक्स' म्हणजे बाहेर, आणि 'एमेरे' म्हणजे मुळात घेणे. पुढे त्याच क्रियापदाला विकत घेण्याचा अर्थ चिकटला. पुष्कळ वस्तूंमधून एक उचलून पुढे ठेवली, तर ती झाली 'एक्झेम्प्लुम'. संस्कृतातील 'उदाहरण' हा शब्दही असाच घडला आहे, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. 'उद्' आणि 'आ' हे उपसर्ग 'हृ' धातूला लागून, वर आणणे, पुढे आणणे असा त्याचा अर्थ होतो. दोन भाषांनी हा शब्द एकमेकींकडून घेतलेला नाही. ढिगातून एक वस्तू वर काढून दाखवण्याची कृतीच दोन्हीकडच्या शब्दकर्त्यांना स्वतंत्रपणे सुचली. इंग्रजीतील 'एक्झेम्प्ट', म्हणजे नियमातून वगळलेला, हाही त्याच लॅटिन क्रियापदाचा वंशज आहे.

लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये येताना शब्द झिजला. 'क्स' हा जोडध्वनी मऊ होऊन 'स्स' झाला आणि 'एसाम्पल' असे रूप तयार झाले. नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडमध्ये आलेल्या फ्रेंचमध्ये आणखी एक गंमत घडली. फ्रेंचमध्ये 'एन' हा उपसर्ग लागलेले शब्द पुष्कळ असल्यामुळे लोकांना या शब्दातील आरंभीचा 'ए'ही त्याच उपसर्गाचा तुकडा वाटला, आणि 'एसाम्पल'चे 'एन्साम्पल' झाले. म्हणजे या शब्दातला 'न' मूळ लॅटिनमध्ये कोठेच नाही. तो कानाला झालेल्या एका गैरसमजातून आला. इसवी सन 1300 च्या सुमारास इंग्रजीने हा शब्द उचलला, आणि 'एन्साम्पल', 'एन्साउम्पल' अशा निरनिराळ्या लेखनांनी तो हस्तलिखितांतून फिरू लागला.

त्यापूर्वी इंग्रजीकडे उदाहरणासाठी शब्द नव्हता, असे मात्र नाही. जुन्या इंग्रजीत 'बिसन' हा अस्सल घरचा शब्द होता. नवव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने पोप ग्रेगरीच्या एका लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करवून ते आपल्या राज्यातील बिशपांकडे पाठवले. त्याच्या आरंभी काही पद्यपंक्ती आहेत आणि त्यांत स्वतः पुस्तक बोलते. आल्फ्रेड राजाने माझा शब्दन् शब्द इंग्रजीत आणला आणि मला दक्षिणेस व उत्तरेस आपल्या लेखनिकांकडे धाडले, असे ते सांगते. या 'बिसन'वरून अशाच आणखी प्रती तयार करून आणा, म्हणजे त्या बिशपांना पाठवता येतील, अशी राजाची आज्ञा होती. येथे 'बिसन' म्हणजे ज्यावरून नक्कल करायची ती मूळ प्रत. वुस्टरच्या बिशपासाठी त्या काळी केलेली प्रत आजही ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. उदाहरण या कल्पनेच्या इंग्रजीतील अगदी जुन्या वापरांपैकी एक असा आहे, की ज्यात उदाहरण समजून घ्यायचे नसून गिरवायचे आहे. मराठीत यासाठी नेमका शब्द 'कित्ता' हाच आहे.

त्याच 'बिसन'ला 'पुढे' या अर्थाचा उपसर्ग लागून 'फोरबिस्ने' हा शब्द झाला. त्याचा अर्थ दृष्टांत, बोधकथा, आणि कधी कधी म्हणसुद्धा. 'घुबड आणि बुलबुल' यांच्या वादविवादाची जी जुनी इंग्रजी कविता आहे, तिच्यात स्वतःचे घरटे घाण करणाऱ्या प्राण्याला शाप देणारी एक म्हण येते, आणि कवी तिला 'फोरबिस्ने' म्हणतो. तिसरा शब्द 'बिस्पेल'. 'स्पेल' म्हणजे कथन, आणि 'बिस्पेल' म्हणजे मुख्य बोलण्याच्या बाजूने सांगितलेली गोष्ट. इंग्रजीत हा शब्द नामशेष झाला, परंतु जर्मनमध्ये त्याचे भावंड 'बाइश्पील' या रूपात आजही उदाहरणासाठी रोज वापरले जाते. जर्मन लोकांनी त्यातील कथनाचा 'श्पेल' विसरून तेथे खेळाचा 'श्पील' बसवला, इतकेच. इंग्रजीत ते 'स्पेल' दोन ठिकाणी तग धरून राहिले: जादूच्या मंत्रासाठी, आणि 'गॉस्पेल' या शब्दात. 'गॉस्पेल' म्हणजे मुळात जुन्या इंग्रजीतले 'गोड स्पेल' (हा 'गोड' म्हणजे आजचा 'गुड'), चांगले वर्तमान. मराठी ख्रिस्ती परंपरेतील 'शुभवर्तमान' हा शब्दही नेमके हेच सांगतो.

हे जुने शब्द जाऊन फ्रेंच शब्द कसा आला, हे बायबलमधील एकाच वचनावरून स्पष्ट दिसते. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो आणि म्हणतो, की मी तुम्हाला केले तसे तुम्हीही करावे म्हणून मी तुम्हाला हे उदाहरण घालून दिले आहे. दहाव्या शतकाच्या अखेरच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात येथे 'बिसन' आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन विक्लिफ या इंग्रज धर्मसुधारकाच्या अनुयायांनी केलेल्या भाषांतरात 'एन्साउम्पल' आहे. 1526 साली विल्यम टिंडलने ग्रीकवरून केलेल्या भाषांतरात 'एन्साम्पल' आहे, आणि 1611 मध्ये तेथे 'एक्झाम्पल' आला. पाय धुणारे हात तेच आहेत आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारा शब्द मात्र सहाशे वर्षांत दोनदा बदलला आहे.

1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, दरबार आणि न्यायालये फ्रेंच बोलू लागली, आणि इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, एवढे कारण साधारणपणे सांगितले जाते. ते खरे आहे, पण 'एन्सॅम्पल'च्या बाबतीत मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते प्रवचनांचे कारण. तेराव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य चर्चने सामान्य लोकांना उपदेश करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. 1215 च्या लॅटरन परिषदेने त्यावर भर दिला, आणि त्याच काळात उभे राहिलेले डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन हे भिक्षुसंघ गावोगाव हिंडून प्रवचने करू लागले. शेतकरी, सुतार आणि दुकानदार यांच्यापुढे उभे राहून लॅटिन धर्मशास्त्रातील सूक्ष्म भेद सांगत बसण्यात अर्थ नव्हता. म्हणून प्रवचनात मध्येच एखादी छोटी, लक्षात राहणारी गोष्ट पेरण्याची पद्धत रूढ झाली. या गोष्टीला लॅटिनमध्ये 'एक्झेम्प्लुम' आणि इंग्रजीत 'एन्सॅम्पल' म्हणत. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण झाल्यावर उत्तररंगात बुवा आख्यान लावतात, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना या पद्धतीचे प्रयोजन वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही; फरक एवढाच, की 'एक्झेम्प्लुम' बहुधा आख्यानाहून पुष्कळ आखूड असे.

या गोष्टींना इतकी मागणी होती, की प्रवचनकारांच्या सोयीसाठी त्यांचे संग्रह तयार होऊ लागले. एतिएन द बुर्बों या फ्रेंच डॉमिनिकनाने 1261 च्या सुमारास मरण येईपर्यंत सुमारे तीन हजार गोष्टी जमवल्या होत्या. चौदाव्या शतकाच्या आरंभी लिएजच्या आर्नोल्डने सुमारे आठशे गोष्टी वर्णानुक्रमे लावून ठेवल्या, म्हणजे लोभ, मद्यपान किंवा निंदा अशा विषयावर बोलायचे असेल, तर त्या अक्षराखाली हात घालून गोष्ट काढावी. पुढे पंधराव्या शतकात या संग्रहाचे इंग्रजी भाषांतरही झाले. पुष्कळांतून एक बाहेर काढून ठेवणे हा जो लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ, तो या ग्रंथांत अक्षरशः प्रत्यक्षात उतरला होता.

जुना 'फोरबिस्ने' तरीही लगेच गेला नाही. विल्यम लँगलंडच्या 'पीअर्स प्लाउमन' या काव्यात, 1370 च्या दशकातील पाठात, एक भिक्षू तो वापरतो. नीतिमान माणूसही दिवसातून सात वेळा पाप करतो, मग सत्कर्म तुमच्यापाशी नेहमी कसे राहील, असे कथानायक त्याला विचारतो. भिक्षू म्हणतो, मी तुला एक 'फोरबिस्ने' नीट दाखवतो. मोठ्या पाण्याच्या मध्यभागी होडीत उभ्या असलेल्या माणसाची कल्पना कर. वारा, पाणी आणि होडीचे हेलकावे यांमुळे तो कितीही सावरला तरी अनेकदा पडतो. पण पडला तरी तो होडीतच असतो आणि सुखरूप राहतो. सुकाणू सोडून दिले, तरच होडी उलटते. एवढ्या थोड्या शब्दांत, दुर्बलतेमुळे घडणारे लहान पाप आणि जाणूनबुजून ओढवून घेतलेला सर्वनाश यांतला फरक कळतो. मध्ययुगीन उदाहरणाची ताकद कशात होती, हे सांगण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

या शब्दाचा सगळ्यात खोल वापर मात्र जेफ्री चॉसरने केला आहे. 1387 च्या सुमारास लिहायला घेतलेल्या आणि 1400 मध्ये त्याच्या मृत्यूने अपुऱ्या राहिलेल्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये यात्रेकरूंच्या मेळ्यात दोन माणसे अशी आहेत, की दोघांचाही व्यवसाय लोकांपुढे 'एन्सॅम्पल' ठेवण्याचा आहे. एक आहे गावातला गरीब पाद्री. त्याची वस्ती विस्तीर्ण आणि विखुरलेली आहे, पण पाऊस असो वा वादळ, हातात काठी घेऊन तो सर्वांत दूरच्या घरापर्यंत पायी जातो. त्याच्याविषयी चॉसर लिहितो, की आपल्या मेंढरांना त्याने हा थोर 'एन्सॅम्पल' दिला, की आधी तो करीत असे आणि नंतर शिकवीत असे. 'आधी केले, मग सांगितले' हे मराठी वचन ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना ही ओळ भाषांतराशिवाय पोहोचेल. पुढे हा पाद्री म्हणतो, सोनेच गंजले तर लोखंडाने काय करावे? ज्याच्यावर आपण विश्वास ठेवतो तो धर्मगुरूच भ्रष्ट झाला, तर अडाणी माणसाला गंज चढला यात नवल ते काय?

दुसरा आहे पापांची माफी देणारी पत्रे आणि संतांचे म्हणून सांगितलेले अवशेष घेऊन फिरणारा इसम. तो आपल्या धंद्याची युक्ती सर्वांसमक्ष उघड करतो. मी लोकांना फार जुन्या काळच्या गोष्टींतले पुष्कळ 'एन्सॅम्पल' सांगतो, असे तो म्हणतो, कारण अडाणी लोकांना जुन्या कथा आवडतात आणि तशा गोष्टी त्यांना सहज सांगता येतात व लक्षात ठेवता येतात. त्याच्या प्रवचनाचा विषय कायम एकच असतो, की लोभ हे सर्व पापांचे मूळ आहे. आणि तो प्रवचन करतो ते केवळ पैशांच्या लोभाने, हेही तोच कबूल करतो. त्यानंतर तो सोन्याच्या ढिगासाठी एकमेकांचे प्राण घेणाऱ्या तीन मित्रांची जी गोष्ट सांगतो, ती इतकी घट्ट आणि भेदक आहे, की मध्ययुगीन 'एक्झेम्प्लुम'चा उत्कृष्ट नमुना म्हणून आजही तीच पुढे केली जाते.

दोघांच्या बाबतीत शब्द एकच आहे. पाद्र्याचा 'एन्सॅम्पल' म्हणजे त्याचे स्वतःचे वागणे, आणि अवशेषवाल्याचा 'एन्सॅम्पल' म्हणजे त्याने सांगितलेली गोष्ट. एकाकडे कथा नाही पण आचरण आहे. दुसऱ्याकडे उत्तम कथा आहे आणि आचरण तिच्या नेमके उलट. शब्दाच्या दोन अर्थांमधील ही फट चॉसरला दिसली होती आणि त्याने ती दोन माणसांच्या रूपाने उभी केली, असे मला वाटते. मराठीत हे दोन अर्थ वेगवेगळ्या शब्दांत विभागलेले आहेत: आपण दृष्टांत सांगतो आणि कित्ता घालून देतो. त्यामुळे मराठी वाचकाला हा भेद चटकन कळतो, परंतु दोन्ही कामे एकाच शब्दाकडे असताना जो ताण निर्माण होतो, तो मात्र भाषांतरात हातातून निसटण्याची भीती असते.

याच चॉसरने हा शब्द अगदी साध्या, आजच्या अर्थानेही वापरला आहे, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. दहा वर्षांच्या लुईस नावाच्या मुलासाठी त्याने ॲस्ट्रोलेब या ग्रहवेधाच्या यंत्राविषयी एक पुस्तिका लिहिली. सूर्य राशिचक्राच्या कोणत्या अंशावर आहे हे कसे काढायचे, याचा नियम सांगून झाल्यावर तो 'एन्सॅम्पल' देतो: 1391 साल, मार्च महिन्याची 12 तारीख, यंत्राच्या मागच्या बाजूवर ती तारीख शोधली आणि सूर्य मेष राशीच्या पहिल्या अंशावर सापडला. गणिताच्या पुस्तकात नियमाखाली सोडवून दाखवलेले उदाहरण असते, तसेच हे आहे. तरीही येथे लुईसने ते वाचून थांबायचे नाही, तर यंत्र हातात घेऊन तसेच करून पाहायचे आहे, एवढा त्या शब्दाचा जुना आग्रह शिल्लक आहेच.

आता त्या आग्रहाची दुसरी, कठोर बाजू. जे अनुकरणासाठी पुढे ठेवता येते, तेच धाक बसावा म्हणूनही ठेवता येते. लॅटिनमध्येच 'एक्झेम्प्लुम'चा एक अर्थ इतरांना जरब बसेल अशी शिक्षा असा होता. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात सदोम आणि गमोरा ही नगरे जाळून राख करण्यात आली ती यापुढे अधर्माने वागणाऱ्यांसाठी 'एन्सॅम्पल' म्हणून, असे 1611 चे भाषांतर म्हणते. गंमत अशी, की या ठिकाणचा ग्रीक शब्द आणि योहानकृत शुभवर्तमानात पाय धुण्याच्या प्रसंगी आलेला ग्रीक शब्द एकच आहे. शिष्यांचे धुतलेले पाय आणि जळून खाक झालेली नगरे ही दोन्ही एकाच शब्दाखाली येतात, कारण दोन्ही पाहून माणसाने आपली वाट ठरवायची असते.

हा अर्थ कायद्याच्या भाषेत विशेष टिकला. 1763 साली लंडनमध्ये सरकारने कोणाचेही नाव न लिहिलेल्या सरसकट वॉरंटावर एका वृत्तपत्राशी संबंधित म्हणून छापखान्यातील कामगारांना पकडले. त्यांपैकी एकाने दावा लावला. त्याला सुमारे सहा तास अडकवून ठेवले होते, आणि तेवढ्या वेळात त्याला बीफस्टेक व बिअरही दिली होती. प्रत्यक्ष नुकसान पाहता 20 पौंडांची भरपाई पुरेशी ठरली असती, परंतु ज्यूरीने 300 पौंड दिले. सरन्यायाधीश प्रॅट यांनी ते योग्य ठरवले आणि या भरपाईला 'एक्झेम्प्लरी' असे विशेषण लावले, कारण नागरिकाच्या स्वातंत्र्यावर सरकारने केलेला तो घाला होता. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत नुकसानीपेक्षा अधिक, धडा शिकवण्यासाठी दिलेल्या भरपाईला आजही हेच नाव आहे. याच विशेषणाचा दुसरा अर्थ 'आदर्श, अनुकरणीय' असा आहे. विद्यार्थ्याच्या वर्तणुकीला ते लावले तर कौतुक होते, आणि शिक्षेला लावले तर धाक.

शब्दाच्या शरीरातही बदल होत होते. 'एन्साम्पल' म्हणताना जोर दुसऱ्या अवयवावर पडे, त्यामुळे पहिला अवयव सहज गळून जाई आणि उरे 'साम्पल', म्हणजेच आजचा 'सॅम्पल'. आरंभीचा निर्बळ स्वर अशा रीतीने गळण्याला ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी 1880 मध्ये 'अफिसिस' असे नाव दिले. इंग्रजीत 'एस्क्वायर'चा 'स्क्वायर' आणि 'एस्टेट'चे 'स्टेट' याच वाटेने झाले. मराठी वाचकाला हे परके वाटू नये: 'अरण्य' या शब्दाचे 'रान' आणि 'अरघट्ट' या शब्दाचा 'रहाट' झाला, तो आरंभीचा 'अ' असाच गळून.

सुरुवातीला 'सॅम्पल' आणि 'एन्सॅम्पल' यांच्या अर्थात फरक नव्हता. पंधराव्या शतकापासून मात्र 'सॅम्पल' व्यापाराकडे वळला, आणि मोठ्या मालाची प्रत कळावी म्हणून दाखवलेला थोडासा माल असा अर्थ त्याला स्थिर झाला. धान्याच्या बाजारात ज्याला 'वानगी' म्हणतात, तोच हा. मराठीने येथे उलट दिशेने प्रवास केला आहे. इंग्रजीत उदाहरणाचा शब्द झिजून वानगीचा शब्द झाला, आणि मराठीत वानगीच्या शब्दापासून 'वानगीदाखल' हा उदाहरण देण्याचा शब्दप्रयोग तयार झाला. मूठभर धान्य दाखवणे आणि एक उदाहरण सांगणे या दोन कृती किती जवळच्या आहेत, याची साक्ष दोन्ही भाषा देतात. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी हाच 'सॅम्पल' उचलला, आणि तेथे त्यातील नैतिक आग्रह पूर्णपणे संपला. संख्याशास्त्रातील नमुना कोणाला वळण लावायला येत नाही.

नक्कल करण्याचा जो अर्थ आल्फ्रेडच्या 'बिसन'मध्ये होता, तो 'एक्झेम्प्लार' या भावंडाने सांभाळला. तेराव्या शतकापासून पॅरिस आणि बोलोन्यासारख्या विद्यापीठांच्या गावी पुस्तक विकणारे लोक अभ्यासाच्या ग्रंथाची एक तपासलेली मूळ प्रत जवळ ठेवीत. ती एकत्र बांधलेली नसे. तिचे सुटे भाग एकेक करून भाड्याने दिले जात, म्हणजे एकाच ग्रंथाची नक्कल अनेक विद्यार्थ्यांना एकाच वेळी करता येई. त्या मूळ प्रतीला 'एक्झेम्प्लार' म्हणत. फ्रेंचमधून हाच शब्द इंग्रजीत 'सॅम्पलर' होऊन आला आणि भरतकामात स्थिरावला. छापील नमुन्यांची पुस्तके सर्रास मिळण्यापूर्वी स्त्रिया निरनिराळे टाके आणि नक्ष्या एका कापडावर भरून ठेवीत, म्हणजे पुढे त्यावरून पाहून तशा काढता येत. ज्यावर तारीख आहे असा सर्वांत जुना ज्ञात ब्रिटिश 'सॅम्पलर' जेन बोस्टॉक नावाच्या स्त्रीने 1598 साली भरला. त्यावर अ‍ॅलिस ली नावाच्या मुलीचा जन्म 1596 च्या नोव्हेंबरात झाल्याची नोंद टाक्यांनी लिहिलेली आहे, आणि तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. आल्फ्रेडच्या लेखनिकांनी चर्मपत्रावर केले तेच काम येथे सुईने झाले आहे.

मूळ 'एन्सॅम्पल' या काळापर्यंत मावळतीला लागला होता. लॅटिनचा अभ्यास वाढला, तशी झिजलेल्या फ्रेंच रूपांपेक्षा लॅटिनशी जुळणारी रूपे अधिक शुद्ध वाटू लागली. याच ओढीने 'डाउट' या शब्दात उच्चारात नसलेला 'ब' लिहिला जाऊ लागला, आणि 'पार्फिट' जाऊन 'पर्फेक्ट' आला. लॅटिनमधला 'क्स' डोळ्यांना दाखवणारा 'एक्झाम्पल' पुढे सरकला. एडमंड स्पेन्सर याने आपल्या महाकाव्याविषयी वॉल्टर रॅले याला लिहिलेले पत्र 1590 मध्ये छापले गेले. त्यात त्याने म्हटले आहे, की नियमापेक्षा 'एन्सॅम्पल'ने दिलेली शिकवण कितीतरी अधिक हिताची आणि मनोहर असते. होमरने ॲगामेम्नॉन आणि युलिसिस यांच्या रूपाने उत्तम राज्यकर्ता आणि सद्गुणी माणूस 'एन्सॅम्पल' केले, असे म्हणून तो या नामाचे क्रियापदही करतो. पण स्पेन्सरला जुन्या शब्दांची आवड होती, आणि त्याच्या लेखणीत हा शब्द जुना असल्यामुळेच शोभत होता.

1611 च्या भाषांतरात दोन्ही शब्द शेजारी आले ते या संधिकालामुळे. त्या भाषांतराची दुरुस्त आवृत्ती 1881 मध्ये निघाली, तेव्हाही पेत्राच्या पहिल्या पत्रात मंडळीच्या वडिलांना सांगताना, कळपावर सत्ता गाजवू नका, कळपासाठी 'एन्सॅम्पल' व्हा, हे शब्द कायम राहिले. विसाव्या शतकातील भाषांतरांनी ते काढून टाकले. बोलण्यातून तर हा शब्द त्याच्या फार आधी गेला होता.

एका ठिकाणी मात्र तो अजून मोठ्याने उच्चारला जातो. इंग्लंडच्या चर्चचे प्रार्थनापुस्तक पहिल्यांदा 1549 मध्ये निघाले, आणि ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारची त्यातील प्रार्थना 1662 च्या आवृत्तीतही आहे. देवाने आपला एकुलता एक पुत्र आम्हाला पापासाठी बलिदान म्हणून आणि पवित्र जीवनाचा 'एन्सॅम्पल' म्हणूनही दिला आहे, असे ती म्हणते, आणि त्याच्या पावलांवर पाऊल ठेवून रोज चालण्याचा प्रयत्न करण्याची शक्ती मागते. ज्या चर्चमध्ये ते पुस्तक अजून वापरात आहे, तेथे दर वर्षी त्या रविवारी पाद्री उभा राहतो, 'एन्सॅम्पल' हा शब्द उच्चारतो, आणि समोर बसलेले लोक त्याला 'आमेन' म्हणतात.